उष्ण हवेची ब्लूबेरी

रोपांच्या जाहिरातीत ‘उष्ण हवेत येणारी जात’ हे शब्द वाचले, की कोठली उष्ण हवा, असे विचारण्याचा मोह मला आवरत नाही. वाशीमकराच्या डोळ्यांपुढे उष्ण हवा म्हणजे वैशाखातील दुपार उभी राहते. झाडावर पाखरू दिसत नाही आणि विहिरीचा तळ मात्र दिसतो, अशी. ज्यांनी या जाती निर्माण केल्या, त्यांच्या मनात प्रामुख्याने वेगळीच गोष्ट होती. त्यांना उन्हाळ्याची चिंता कमी, हिवाळ्याची अधिक!

ब्लूबेरी ही मूळची थंड प्रदेशातली. १९१० नंतर न्यू जर्सीत फ्रेडरिक कोव्हिल व एलिझाबेथ व्हाइट यांनी रानातली निवडक झुडपे आणून तिला बागेत बसविले. या उत्तरेकडील जातींना सात अंशांखालच्या थंडीचे आठशे-हजार तास मिळाले नाहीत, तर त्यांच्या कळ्या धड उमलत नाहीत. पुढे १९५० च्या आसपास फ्लोरिडात राल्फ शार्प यांनी तेथल्या रानातील सदाहरित झुडपाशी त्यांचा संकर केला, आणि दोनशे-तीनशे तासांच्या, काही तर त्याहूनही कमी थंडीवर भागविणाऱ्या जाती जन्मास आल्या. १९९८ मध्ये, म्हणजे आमचा जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला त्याच वर्षी, अमेरिकेत ‘बिलॉक्सी’ ही अशी जात बाहेर पडली. पेरू देशाने (नाव ऐकून आपल्याला दुसरेच फळ आठवते, त्याला इलाज नाही) ती आपल्या समुद्रकाठच्या वाळवंटात लावली, आणि आज ब्लूबेरीच्या निर्यातीत तो देश अग्रभागी आहे.

याहून निराळे कूळ ‘रॅबिटआय’चे. कच्च्या फळाची गुलाबी छटा सशाच्या डोळ्यासारखी दिसते, म्हणून हे नाव. हे झुडूप ऊन व पाण्याची ओढ अधिक सोसते. तेव्हा भोळा ग्राहक प्रथम त्यालाच हात घालतो. परंतु ऊन सोसणे निराळे आणि थंडीवाचून फुलणे निराळे. रॅबिटआयला बहुधा तीनशे ते सहाशे तासांची थंडी हवी असते, आणि वाशीमच्या पौषात ती कोठून मिळावी? शिवाय फळ धरावयास तिला शेजारी दुसऱ्या जातीचे झाड लागते. म्हणून आमच्याकडे निवड करावयाची ती बिलॉक्सीसारख्या जातींतूनच.

हे सारे मला शोधावे लागले ते माझ्या पुतण्यामुळे. सोयाबीनच्या भावाला विटून त्याने एक एकर वावरात ब्लूबेरी लावावयाचे ठरविले होते; कर्जाचे कागदही तयार होते. “काका, जात उष्ण हवेचीच आहे,” असे तो म्हणाला. मी त्याला हवेविषयी काही न बोलता मातीविषयी विचारले. ब्लूबेरीला साडेचार ते साडेपाच सामू असलेली आंबट, भुसभुशीत माती लागते. आमची काळी माती चुनखडीची, आठाच्या आसपास सामू असलेली, पावसाळ्यात चिकट आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. या झुडपाच्या मुळ्या केसांसारख्या बारीक असतात व त्यांना मूळरोम नसतात. अशा मातीत त्यांना ना हवा मिळते, ना लोह. संत्र्याची पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडलेली ज्याने पाहिली आहेत, त्याला हे फोडून सांगावयास नको. गंधक घालून कुंडीतील माती आंबट करता येईल. परंतु जीत चुना मुरलेला आहे अशी एकरभर जमीन किती काळ आंबट राहील?

आणि पाणी? आमच्या विहिरींचे पाणी जड. उन्हाळाभर तेच दिले, तर कष्टाने आणलेला आंबटपणा थेंबाथेंबाने नाहीसा होतो. दोन कुंड्यांना पुरेल एवढे पावसाचे पाणी पत्र्यावरून हौदात साठविता येते. ते संपले, तर विहिरीच्या पाण्यात किंचित लिंबूसत्त्व टाकता येते. एकराचा हौद कोण बांधणार? हा प्रश्न ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. तरुण माणसाचा उत्साह मोडणे मला मुळीच आवडत नाही. परंतु त्या कागदांवर त्याच्या आईचीही सही व्हावयाची होती.

आता त्याच्या अंगणात, भिंतीच्या पूर्वेला, दोन मोठ्या कुंड्या आहेत. आत धुतलेला नारळाचा भुसा, कुजलेला पाला व थोडी जाड वाळू. शेणखताला व राखेला मज्जाव. खत अमोनियम सल्फेटचे, तेही चिमटीने. फाल्गुनापासून वर हिरवी जाळी. झुडपाने हिवाळ्यातही पाने टाकली नाहीत, आणि पौषात घंटेसारखी पांढरी फुले आली. पहिल्या वर्षाची फुले खुडून टाकावी, म्हणजे जोर मुळांकडे जातो, असे मी सांगितले होते. त्याने एका झुडपाची खुडली. दुसऱ्याची आईने खुडू दिली नाहीत.

वावरात सोयाबीन व तूर आहे.