चांदबिबीचा नव्हे, सलाबतखानाचा

नगर शहरास 2024 साली शासनाने अहिल्यानगर हे नाव दिले. त्याच्या पूर्वेस सुमारे तीन कोसांवर, पाथर्डीच्या वाटेलगत डोंगरमाथ्यावर जी उंच इमारत दिसते, तिला मात्र लोक अद्याप ‘चांदबिबीचा महाल’ असेच म्हणतात. वस्तुतः तो महालही नव्हे व चांदबिबीचाही नव्हे. मूर्तिजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान ह्याची ती कबर होय.

माथ्यापर्यंत मोटारीचा रस्ता आहे. तथापि आम्ही पायीच चढलो. इमारत अष्टकोनी, तीन मजली, रुंद चौथऱ्यावर उभारलेली. कमानीमागून कमानी आहेत, पण नक्षी जवळजवळ नाहीच. तो साधेपणाच मनात भरतो. थडगी तळघरात आहेत. भिंतींवर तरुण मंडळींनी आपली नावे कोरून ठेविली आहेत, तीही अशुद्ध! वरच्या कमानीतून नगरचा सारा मुलूख दिसतो. 1595-96 च्या वेढ्यात चांदबिबीने तेथील किल्ला मोगलांविरुद्ध लढविला. अशा स्त्रीचे नाव लोकांनी सर्वांत उंच वास्तूस द्यावे ह्यात नवल नाही. मात्र त्यामुळे बिचारा सलाबतखान स्वतःच्या कबरीतच परका झाला.

डोंगर उतरून आम्ही मेहेकरी नदीवरील भातोडीस गेलो. येथील जुना तलाव ह्याच सलाबतखानाने बांधविला असे सांगतात. इतिहासातील भातवडी ती हीच. 1624 साली मोगल व आदिलशाही फौजा एकवटून आल्या, तेव्हा मलिक अंबराने तलाव फोडून वाटा चिखलमय केल्या व दोन्ही फौजांचा मोड केला. शहाजीराजे ह्या युद्धात होते. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी येथेच पडले. त्यांची समाधी गावात आहे. तेथे आम्ही बराच वेळ बसलो. शिवछत्रपतींचा हा चुलता, पण आमच्या पाठ्यपुस्तकांत त्याच्या वाट्यास एखादे वाक्य आले तर आले.

फुटलेला बंधारा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुरुस्त झाला. बंधाऱ्यावर गुरे वळणाऱ्या एका वृद्धास आम्ही विचारले, “बाबा, हे तळे कोणाचे?”

“गावाचं,” तो म्हणाला, आणि “तुम्ही चांदबिबीचा म्हाल बघितला का?” असे त्याने आम्हांसच विचारले.