नववा सामना

आमच्या कॉलेजात दर जूनमध्ये नवं वेळापत्रक लागतं आणि त्या दिवशी स्टाफरूममधला चहा कपातच गार होतो. सकाळी सात-वीसचा पहिला तास कुणी शिताफीनं चुकवला, शनिवारचा शेवटचा तास कुणाच्या गळ्यात पडला, मधली मोकळी घंटा कुणाच्या पदरात पडली, यावर जो वाद रंगतो तो एखाद्या वतनाच्या खटल्याला शोभावा. या वाटणीत मराठीच्या प्राध्यापकाच्या वाट्याला काय येतं हे सांगायला नकोच. जेवून सुस्तावलेल्या मुलांपुढे ज्ञानेश्वरी उलगडण्याचा योग माझ्या पत्रिकेत कायमचा लिहिलेला आहे.

अमेरिकेसारख्या संपन्न देशातही वेळापत्रकावरून माणसं हमरीतुमरीवर येतात, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मला त्या देशाबद्दल प्रथमच थोडी आपुलकी वाटली. हे ज्ञान मला भाच्याकडून झालं. माझ्या थोरल्या बहिणीचा हा मुलगा. जन्म ठाण्याचा, वाढला अटलांटाला. त्याच्या बोलण्यात क्रियापदं सगळी मराठी आणि नामं सगळी इंग्रजी. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. तिथे तेव्हा शनिवारची रात्र असते, आणि शनिवार हा तिकडे कॉलेजच्या फुटबॉलचा वार. त्याचं कॉलेज जिंकलं असेल तर फोन पाच मिनिटांत आटोपतो. हरलं असेल तर तासभर चालतो, आणि त्यातली पन्नास मिनिटं वेळापत्रकावर खर्ची पडतात.

हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. यात चेंडू अंडाकृती असतो आणि बहुतेक वेळ हातातच असतो. तरीही त्याला फुटबॉल म्हणतात. कॉलेजातली मुलं तो खेळतात म्हणून आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसारखं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. मिशिगन विद्यापीठाच्या एकट्या मैदानात लाखाहून अधिक माणसं बसतात. ही कॉलेजं निरनिराळ्या गटांत विभागलेली असतात. त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. गटाचं नाव आणि गटाची गणती यांचा मेळ असलाच पाहिजे असा मात्र तिकडे आग्रह नाही. ‘बिग टेन’ या 1896 सालच्या जुन्या गटात 2024 पासून अठरा कॉलेजं आहेत, तर ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये सोळा. ‘अटलांटिक कोस्ट’ गटात 2024 साली स्टॅनफर्ड आणि बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ दाखल झालं. ही दोन्ही पॅसिफिकच्या बाजूची! नकाशा उलटा टांगला तरी हे जमायचं नाही.

भाच्याचा गट साउथईस्टर्न. त्यातही 2024 मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा येऊन सोळा पानं झाली. आता एका हंगामात कॉलेजला नियमित सामने मिळतात बारा. त्यातले किती गटातल्या भाऊबंदांशी खेळायचे आणि किती बाहेरच्यांशी, हा सगळ्या वादाचा गाभा. साउथईस्टर्नवाले 1992 पासून, करोनाचं 2020 हे वर्ष वगळता, गटात आठच सामने खेळत आले. बिग टेन 2016 पासून नऊ खेळतं. बिग ट्वेल्व्हही नऊ. ऑगस्ट 2025 मध्ये साउथईस्टर्ननंही जाहीर केलं, की 2026 च्या हंगामापासून आमचेही नऊ. एका सामन्यानं एवढं काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. मीही भाच्याला तेच विचारलं.

“मामा, गटातला सामना वाढला की गटातल्याच कुणाचा तरी पराभव वाढतो!” तो कळवळून म्हणाला.

हिशेब बरोबर होता. सोळा कॉलेजांनी प्रत्येकी एक सामना जास्त खेळायचा म्हणजे आठ सामने वाढले. आठ विजय घरातच राहिले आणि आठ पराभवही घरातच आले. बाहेरच्या दुबळ्या कॉलेजाला बोलावून हरवलं असतं तर हे आठ पराभव बाहेर गेले असते. आणि वर्षाअखेर राष्ट्रीय विजेतेपदासाठी संघ निवडले जातात ते या जय-पराजयांकडे पाहून. तिथे सगळ्यांनी सगळ्यांशी खेळावं अशी सोय नाही. 2014 च्या हंगामापासून चार संघ निवडले जात, 2024 पासून बारा. आणि क्रम लावते ती एक समिती. मग ज्यानं नऊ कठीण सामने खेळून तीन गमावले तो थोर, की ज्यानं सोपे खेळून एकच गमावला तो थोर?

हा प्रश्न ऐकताच मी खुर्चीत सावरून बसलो, कारण हा तर परीक्षकाचा प्रश्न! एका केंद्रावर सोपा पेपर, दुसऱ्यावर अवघड. इकडचा पहिला वर्ग आणि तिकडचा दुसरा वर्ग यांत हुशार कोण? आम्ही त्यावर सरासरीचा तोडगा काढतो आणि दोन्हीकडच्या पालकांच्या शिव्या खातो. तिकडच्या समितीचंही तेच झालं आहे. 2023 साली फ्लोरिडा स्टेट हे कॉलेज तेराच्या तेरा सामने जिंकलं, गटाचं अजिंक्यपदही त्याच्याकडे. पण त्याचा मुख्य खेळाडू जायबंदी झाला होता. समितीनं त्याला बाहेर ठेवलं आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला आत घेतलं. पुढच्याच वर्षी काटा फिरला. तीन सामने गमावलेलं अलाबामा बाहेर राहिलं आणि दोन गमावलेलं सदर्न मेथडिस्ट आत आलं. त्याच वर्षी अकरा सामने जिंकून आलेल्या इंडियानाला भाच्याच्या मंडळींनी ‘सोप्या पेपरचा विद्यार्थी’ म्हणून हिणवलं होतं. तेच इंडियाना 2025 च्या हंगामात सोळाच्या सोळा सामने जिंकून जानेवारी 2026 मध्ये राष्ट्रीय विजेतं ठरलं. त्या आठवड्यात भाच्याचा फोन आला नाही.

नऊ या आकड्याची आणखी एक खोड आहे. तो विषम आहे. आठ सामन्यांत चार घरच्या मैदानावर आणि चार परक्या, अशी सरळ वाटणी होते. नवात अर्ध्या कॉलेजांना पाच सामने घरी मिळतात आणि उरलेल्यांना चारच. घरचं मैदान म्हणजे आपली माणसं, आपला आरडाओरडा, तिकिटांचे पैसेही आपलेच. मी हे घरात सांगितलं तेव्हा सौभाग्यवती भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “त्यात काय? एक दिवाळी सासरी, एक माहेरी. यंदा ज्याचे चार, त्याचे पुढच्या वर्षी पाच.” तिकडची व्यवस्थाही थेट अशीच आहे. फक्त यंदाच ज्याचा संघ ऐन भरात आहे त्यानं पुढच्या वर्षीच्या पाचाचं काय लोणचं घालायचं, हा प्रश्न उरतोच. मुलं काही चिरंजीव कॉलेजात नसतात.

अटलांटिक गटाची तर याहून मौज. त्यांनीही 2025 मध्येच नवाचा निर्णय घेतला. पण फुटबॉलसाठी कॉलेजं आहेत सतरा. सतरा नव्वे त्रेपन्नासे. प्रत्येक सामन्याला दोन संघ लागतात आणि एकशे त्रेपन्नाचे दोन सारखे भाग पडत नाहीत. म्हणजे दरसाल कुणा एकाला आठांवरच उठावं लागणार. पाढ्यापुढे कोट्यवधी डॉलरही हात टेकतात, हे पाहून मला आमच्या प्राथमिक शाळेतल्या मास्तरांची आठवण झाली.

साउथईस्टर्नची नवी मांडणी मात्र मला पटली, आणि तिचं कारण गणितापेक्षा वेगळं आहे. प्रत्येक कॉलेजाचे तीन प्रतिस्पर्धी कायमचे. उरलेल्या बारांपैकी सहा यंदा, सहा पुढच्या वर्षी. तीन कायमचे कशासाठी? जॉर्जिया आणि ऑबर्न ही कॉलेजं 1892 पासून एकमेकांशी खेळत आली आहेत. असलं वैर म्हणजे त्या गावांची जत्राच, ती मोडून कसं चालेल? टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम यांचा जुना सामना 2011 नंतर गट बदलल्यामुळे तुटला आणि तेरा वर्षांनी, 2024 मध्ये, पुन्हा जुळला. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांचा मात्र 2023 नंतर थांबला. आता कुणाचे तीन कायमचे वैरी बलाढ्य आणि कुणाचे किरकोळ, ही तक्रार राहणारच. पण चार वर्षांत गटातला प्रत्येक संघ एकदा तरी आपल्या गावी येतो आणि एकदा आपण त्याच्या गावी जातो. चौदा कॉलेजं होती तेव्हा दुसऱ्या अर्ध्या गटातला एखादा संघ सहा वर्षांतून एकदा समोर येई आणि घरच्या मैदानावर बारा वर्षांतून एकदा! कॉलेजचं शिक्षण चार वर्षांचं. ज्या न्यायाची फेरी बारा वर्षांनी पुरी होते तो विद्यार्थ्याच्या काय कामाचा? वेळापत्रक चार वर्षांच्या मापानं मोजावं, हे कुणाला तरी सुचलं याचा मला शिक्षक म्हणून आनंद झाला.

पण एकाला न्याय द्यायला जावं तर दुसऱ्याचं पान रिकामं राहतं. मोठी कॉलेजं बाहेरच्या सामन्यांसाठी लहान कॉलेजांना पैसे देऊन बोलावतात. लहानांनी जायचं, मार खायचा आणि चेक घेऊन परत यायचं. त्या चेकवर त्यांच्या खेळांचा बराचसा खर्च निघतो. आणि कधी कधी पाहुणाच यजमानाला लोळवतो. 1 सप्टेंबर 2007 रोजी अ‍ॅपलेशियन स्टेटनं मिशिगनला त्या लाखाच्या मैदानात 34-32 असं हरवलं, ते लोक अजून विसरलेले नाहीत. गटातला नववा सामना आला की असं एक आमंत्रण कमी होतं. मोठ्यांच्या न्यायाची किंमत ही अशी लहानांच्या ताटातून जाते.

हे सगळं भाच्याशी बोलून झाल्यावर मला वाटलं होतं, की वादाच्या सगळ्या बाजू माझ्या लक्षात आल्या. पण एक बाजू भाचीनं दाखवली. ही त्याची धाकटी बहीण, पॅसिफिककडच्या एका विद्यापीठात शिकते आणि तिथल्या संघातून व्हॉलीबॉल खेळते. फुटबॉलच्या टेलिव्हिजनच्या पैशासाठी तिच्या विद्यापीठानं 2024 मध्ये गट बदलला. फुटबॉलबरोबर व्हॉलीबॉलचीही वरात निघाली. लॉस एंजलिसहून न्यू जर्सीला जायचं तर सुमारे चार हजार किलोमीटर आणि घड्याळात तीन तासांचा फरक. आपलं काश्मीर ते कन्याकुमारी अंतर त्याहून कमी भरतं. फुटबॉलवाले असा दौरा बहुधा शनिवारच्या एका सामन्यासाठी करतात. या मुली आठवड्यात दोन दोन सामने खेळतात.

2024 च्या भाऊबिजेला ताईनं सगळ्यांना व्हिडिओवर एकत्र आणलं. भाऊ अटलांटात नटूनथटून बसलेला आणि बहीण कुठल्याशा विमानतळावर, जमिनीवर बसून मांडीत रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन. ओवाळणी झाली ती फोनच्या पडद्याला. भाच्यानं सवयीनं तिलाच विचारलं, “आठ बरे की नऊ?” ती हसली नाही.

“मला काय विचारतोस? विचारायचं होतं तेव्हा कुणी विचारलं नाही,” ती म्हणाली. “परवा माझी परीक्षा बुडाली. प्रोफेसर चांगले आहेत, पुन्हा घेतील. पण किती वेळा घेतील, मामा?”

मामाकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः प्रोफेसर आहे, आणि किती वेळा घेतो ते मला ठाऊक आहे.

पंगतीत वाढपी ओळखीचा असला की कुठेही बसलं तरी चालतं, असं आपल्याकडे म्हणतात. वेळापत्रकाच्या त्या मोठ्या टेबलाभोवती गटांचे आयुक्त असतात, विद्यापीठांचे अध्यक्ष असतात, टेलिव्हिजनचे लोक असतात. प्रत्येकाचा कुणी ना कुणी वाढपी ओळखीचा आहे. भाच्याच्या मंडळींच्या बाजूनं ओरडायला लाखभर गळे आहेत. व्हॉलीबॉलच्या पोरीसाठी तिथे कुणी नाही. आठ की नऊ याचा निवाडा आकडेमोडीनं होईल, त्याबद्दल मला शंका नाही. पण टेबलाशी आणखी एक खुर्ची ठेवावी, आणि त्या खुर्चीत विमानतळावर अभ्यास करणारं एखादं पोर बसवावं, एवढंच माझं म्हणणं. त्यानं तक्ता बदलेलच असं नाही. निदान तक्ता मांडणाऱ्याची नजर एकदा तिच्या पुस्तकाकडे जाईल.

या दिवाळीत तिला फराळ पाठवायचा म्हणून सौभाग्यवतींनी पत्ता विचारला. उत्तर आलं, “मामी, पत्ता तोच आहे. पण चिवडा सादळायला नको असेल तर आधी माझं वेळापत्रक बघा.”