तेलात बुडवलेला बोर्ड आणि बाबांचा प्रश्न

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आज रविवार, बाहेर पाऊस, हातात चहा... लिहूनच टाकतो.

मांडीवर लॅपटॉप ठेवला की चटका बसतो ना? सर्व्हरचं तेच, फक्त कितीतरी जास्त. त्यावरचा एक उपाय ऐकायला वेडगळ वाटतो: अख्खा बोर्डच तेलात बुडवायचा! मिनरल ऑइलमधून वीज वाहत नाही, त्यामुळे शॉर्ट होत नाही. आणि तेवढ्याच हवेच्या मानाने ते हजारपटीहून जास्त उष्णता पोटात घेतं. कल्पना जुनीच आहे. १९८५ चा क्रे-२ हा सुपरकॉम्प्युटर असाच फ्लुरिनर्ट नावाच्या द्रवात बुडालेला असायचा.

आमच्याकडे आलेलं काम छोटं होतं. एक सीलबंद डबा, ४० × २० × २५ सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम २० लिटर. आत २०० वॅटचा बोर्ड. पंखा नाही, पंप नाही. गरम तेल आपोआप वर जाणार, कडेला थंड होऊन खाली येणार. हे जमतं का, ते सिम्युलेशन करून सांगायचं होतं.

ओपनफोम घेतलं. फुकट आहे, पण शिकताना घाम काढतं :) डब्याचे बारा लाख बारीक तुकडे केले. चिपला लागून असलेला गरम तेलाचा थर अगदी पातळ असतो, म्हणून तिथे तुकडे आणखी बारीक. खोबरेल थंडीत थिजतं तसं हेही तेल गार असताना घट्ट आणि तापल्यावर पातळ, तेसुद्धा धरलं. रात्रभर मशीन चालली. सकाळी उत्तर तयार: तेल ४५ अंश, चिप ६० च्या आत. चिपवरून लाल धूर वर चढावा तसं ते रंगीत चित्र! आत २०० वॅट, बाहेर २०० वॅट, हिशोब चोख. शुक्रवारी क्लायंटला दाखवलं, सगळे खूश. सोमवारी डबा बनवायला टाकायचा ठरलं.

शनिवारी घरी तेच चित्र कौतुकाने बाबांना दाखवलं. बाबा वीज मंडळातून रिटायर झालेत, सगळी नोकरी ट्रान्सफॉर्मरमध्ये गेली. त्यांनी चष्मा वर केला, नीट बघितलं आणि विचारलं, "अरे, छान आहे. पण ही उष्णता डब्याबाहेर कशी जाते?"

"भिंतीतून, बाबा."

"मग भिंत किती तापते?"

"तीस अंश."

"दोनशे वॅट आत जळतायत आणि भिंत तीसच? आमच्या ट्रान्सफॉर्मरला बाहेरून एवढी पाती लावलेली असतात, ती काय शोभेला?"

माझा चहा गार झाला. मी भिंतीचं तापमान खोलीइतकं, ३० अंश, फिक्स करून ठेवलं होतं. म्हणजे बाहेर जणू नदी वाहतेय आणि भिंत कधी तापतच नाही! सॉफ्टवेअरने बिचाऱ्याने मी सांगितलं तेच खरं धरलं. म्हणून तर हिशोब चोख जुळला.

कागद घेतला. चार भिंती आणि झाकण मिळून ०.३८ चौरस मीटर. स्थिर हवेत एका चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला, साधारण १० वॅट जातात. म्हणजे अंशाला ३.८ वॅट. २०० वॅट बाहेर पडायला भिंत हवेपेक्षा जवळजवळ ५३ अंश गरम हवी. भिंतच ८३! मग तेल नव्वदीच्या पुढे आणि चिप शंभरी पार. पाच मिनिटांचं गणित, बारा लाख तुकड्यांच्या आधी करायला हवं होतं.

तेल उष्णता संपवत नाही, फक्त वाहून नेतं. क्रे-२ मध्येसुद्धा तो द्रव पंपाने बाहेर नेऊन गार पाण्याने थंड करत असत. हे मला वाचून माहीत होतं हो! पण वाचलेलं आणि शनिवारी आठवलेलं यात फरक असतो.

त्या रात्री क्लायंटला मेल लिहिली: "शुक्रवारचा आकडा चुकीचा आहे, डबा बनवू नका." चार वेळा खोडली, पाचव्यांदा पाठवली. सोमवारी बोलणी खाल्ली, दोन आठवडे गेले. भिंतीला बाहेरची हवा जोडून पुन्हा सिम्युलेशन केलं, बाहेरून पाती लावली. नमुना तयार झाल्यावर त्यात थर्मोकपल घालून मोजलं, तेव्हा कुठे नीट झोप लागली.

बाबांना नमुन्याचा फोटो दाखवला. म्हणाले, "पाती उभी लावलीत ना? आडवी लावाल तर हवा अडकेल."

उभीच लावलीत, बाबा.