शेवटच्या दुखण्याची जागा

आत्याचा आजार आता बरा होण्यातला नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि घरात एकच प्रश्न उरला: तिला ठेवायचं कुठे?

शिर्डीत दवाखान्यांची वाण नाही. साईबाबा संस्थानची रुग्णालयं इथेच आहेत, लोणीचं रुग्णालयही लांब नाही. पण ही सगळी माणूस बरा व्हावा म्हणून चाललेली धडपड. बरं न होणाऱ्याचं दुखणं सोसण्याजोगं करणं हे वेगळंच काम आहे. आपल्या देशात त्यासाठीचं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती अवेदना सदन, डॉ. लुईस डिसूझा यांनी १९८६ साली उभं केलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांना विनामूल्य सांभाळतं.

वारज्याला न्यावं, असं माझं मन सांगत होतं. नातेवाईक कुजबुजायचे, "शेवटी तिला घराबाहेर काढणार का?" आत्या मात्र एवढंच म्हणाली, "कुठंही ने रे, पण रात्री दुखलं तर कुणी उठेल का तिथं?"

किती नेमकं विचारलं तिनं! खोली, बाग, जेवण हे सगळं नंतरचं. मॉर्फिन मिळतं का, रात्री कोण असतं, घरचं माणूस जवळ राहू शकतं का, घरी आणल्यावर फोन कुणी उचलेल का, हे आधी. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४च्या दुरुस्तीनं वाट मोकळी केली, तरी गावोगावच्या औषध दुकानांत ते आजही सहज मिळत नाही. वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाला 'नामस्मरण कर' एवढंच सांगणं मला क्रूर वाटतं.

साईसच्चरिताच्या एकतिसाव्या अध्यायात शिर्डीत अंतकाळ आलेल्यांच्या कथा आहेत. मद्रासकडचा विजयानंद संन्यासी मानससरोवराला निघाला होता. इथेच थांबला, लेंडी बागेत भागवत वाचलं, आणि बडेबाबा फकिरांच्या मांडीवर त्यानं प्राण सोडला. घर नाही, गाव नाही, तरी मांडी मिळाली. भागोजी शिंदे तर मला त्याहून जवळचे वाटतात. १९१० साली साईबाबांचा हात धुनीत भाजला, मुंबईहून डॉक्टर आले, पण बाबांनी उपचार करू दिले नाहीत. महारोगानं झिजलेले भागोजी रोज पट्टी सोडत, तूप चोळत, पान ठेवून पुन्हा बांधत. जखम भरल्यावरही, बाबांनी देह ठेवला त्या १९१८च्या दसऱ्यापर्यंत. आत्यासाठी मला दोन्ही हवं होतं: डॉक्टरांचं औषध आणि भागोजींसारखे न कंटाळणारे हात.

म्हणून तिलाच विचारून ठरवलं. आधी वारज्याला जायचं, दुखणं आटोक्यात आणायचं. तिथल्या नर्स ताईंकडून कूस बदलणं, तोंड ओलं ठेवणं, डोसची वेळ लिहून ठेवणं हे माझ्या बायकोनं आणि मी शिकायचं. मग तिला परत शिर्डीला आणायचं. इथल्या आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी घरी येऊन बघायचं कबूल केलं आहे. रात्रीच्या पाळ्या आम्ही भावंडांनी वाटून घेतल्या, आणि पहिली माझी आहे, हे आत्याला सांगितलं.