पूर बघायला जायचो, ते दिवस

परवा बातमीसाठी घाटावर गेलो आणि पायऱ्या मोजत बसलो. बातमी राहिली बाजूला.

आमचं कुरुंदवाड. पंचगंगेच्या पलीकडं नृसिंहवाडी, तिथंच कृष्णा-पंचगंगेचा संगम. १९८८-८९ च्या सुमारास आम्ही सात-आठ वर्षांची पोरं. पावसाळ्यात आज्जीनं एकच काम नेमून दिलेलं, पाणी कुठल्या पायरीला आलंय ते बघून यायचं.

"किती राह्यल्या रं?"

"अकरा."

"मग बस निवांत. पाच राह्यल्या की सांग."

आमच्या गल्लीचं हवामान खातं ते हेच! आणि तिचा अंदाज सहसा चुकायचा नाही.

तेव्हा पुराची भीती नव्हती असं नाही, पण तो माहेरी आलेल्या लेकीसारखा यायचा. दोन दिवस राहायचा, जायचा. वाडीत कृष्णामाई उत्तरेकडच्या दारानं देवळात शिरायची, पादुकांवरून दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडायची. दक्षिणद्वार सोहळा. बातमी कळली की अख्खी गल्ली अंघोळीला. पाणी ओसरलं की रानात गाळ राहायचा, आणि त्या गाळातली कृष्णाकाठची वांगी... चव सांगत बसत नाही, ज्यांनी खाल्लीत त्यांना माहीत आहे.

२००५ ला हे सगळं संपलं. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच पेपरात लागलो होतो. पाणी आलं ते जायचं नावच घेईना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर आईला नावेत बसवून घर सोडलं. मशिदीत गणपती बसवणारं आमचं गाव, त्यामुळं कुणाच्या घरात कोण राहिलं हे त्या आठवड्यात कुणी विचारलं नाही. परत आलो तर भिंतीवर डोक्याच्या वर ओलीची रेघ. २०२१ ला पुन्हा तेच.

आता कर्नाटकला अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे. आपला विरोध आहे, माझाही आहे, आणि तो जोरात व्हायलाच पाहिजे. पण एक गोष्ट इथं लिहितोच, कुणाला राग आला तर येऊ दे. २०१९ नंतरच्या वडनेरे समितीनं अलमट्टीवर थेट खापर फोडलं नाही. विक्रमी पाऊस आणि नदीच्या पात्रात आपणच केलेली बांधकामं, भराव यांच्याकडं बोट दाखवलं. समितीचं सगळं पटलंच पाहिजे असं नाही. पण नदीकाठच्या प्लॉटच्या जाहिराती आमच्याच पेपरात छापून आल्या, काही मीच आणल्या. कमिशनही घेतलं. तेव्हा पूररेषा कुठनं जाते हे मी कुणाला विचारलं नव्हतं.

आई आता पायऱ्या विचारत नाही. जून लागला की सातबारा, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवते. गेल्या पावसाळ्यात पोरगं म्हणालं, "पप्पा, पूर बघायला जाऊया की." मी काही बोलायच्या आत आतून आई म्हणाली, "बघायला कशाला जातोस बाळा, तो येतोय की घरात."

२००५ च्या आधीच्या पुराचे फोटो कुणाकडं असतील तर कमेंटमध्ये टाका. पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं आणि किती दिवस राहिलं, आठवत असेल तर तेही लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मला ते सगळं एकत्र मांडायचं आहे.