पत्राच्या माथ्यावरचं गाव

दोस्तांनो, लोणंद म्हटलं की आठवतो कांद्याचा बाजार आणि माउलींच्या पालखीचा मुक्काम! पण इथून शिरवळच्या बाजूला गेलात, तर त्याच खंडाळा तालुक्यातल्या नायगावला जरूर थांबा. हे सावित्रीबाई फुल्यांचं माहेर. ३ जानेवारी १८३१ ला त्या इथं जन्मल्या. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. त्यांचं जन्मघर आता स्मारक म्हणून जपलंय.

सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात. त्यांतल्या २९ ऑगस्ट १८६८ च्या पत्रावर ठिकाण आहे नायगाव, पेटा खंडाळा. लग्न झालं १८४० साली. म्हणजे २८ वर्षांनंतरही माहेरची वाट मोडली नव्हती! जिवावर उठलेल्या गावकऱ्यांच्या तावडीतून दोन जीव कसे सोडवले, तेही त्यांनी त्यात कळवलंय. एका कागदावरून किती कळतं, बघा!

जुन्या वंशावळींत बहुधा मुलग्यांचीच नावं असतात. लेकी गळून जातात. तुमच्या आजीचं माहेर कुठलं? तिच्या आईवडिलांची नावं काय? आजच विचारा आणि वहीत लिहून ठेवा. वर गाव आणि तारीख घालायला मात्र विसरू नका हं!