जुळाऱ्याचीं बोटें

यंत्रानें एक धंदा बुडविला तरी दुसरे दोन उभे राहतात, हा सिद्धान्त अर्थशास्त्राच्या वर्गांत आम्ही तीस वर्षें सांगत आलों आहों. एकंदर जमाखर्चाच्या दृष्टीनें तो बहुतांशीं खराही आहे. पण जमाखर्च समाजाचा असतो व पोट एकेकाचें असतें, ही गोष्ट क्रमिक पुस्तकांतील आलेखांत मावत नाहीं. ती आम्हीं पाहिली छापखान्यांत.

विद्यार्थिदशेंत, १९८८ च्या सुमारास, कॉलेजच्या वार्षिक अंकाचीं मुद्रितें तपासावयास आम्ही पुण्यांतील एका लहानशा छापखान्यांत जात असूं. तेथें पन्नाशीला आलेले एक खिळेजुळारी होते; सारे त्यांना मास्तर म्हणत. इंग्रजी जुळाऱ्याचें काम थोडक्या अक्षरांवर भागतें; देवनागरीला मात्र जोडाक्षरें, मात्रा, रफार मिळून शेंकडों घरें लागतात. मास्तरांची नजर हस्तलिखितावर, आणि बोटें न चुकतां त्या त्या घरांत. उलटीं अक्षरें ते सुलटींप्रमाणें वाचीत. भल्या भल्या लेखकांचे ऱ्हस्वदीर्घाचे प्रमाद त्यांच्या हातून मुकाट्यानें दुरुस्त होत. लेखकांस त्याची वार्ताही नसे.

हें कौशल्य हस्तगत व्हावयास वर्षें लागत. वेतन मात्र बेताचेंच. वाचकांस यांत विसंगति वाटेल. आम्हांस वाटत नाहीं. मजुरी कौशल्याच्या अवघडपणावर ठरत नाहीं. तें किती जणांपाशीं आहे, त्यांची एकजूट कितपत आहे आणि गिऱ्हाइकाची ऐपत काय, यांवर ठरते. लंडनच्या वृत्तपत्रांतील जुळारी याच कामावर कारागिरांत सधन गणले जात, कारण त्यांची संघटना बळकट होती. १९७८ च्या अखेरीस नव्या यंत्रांच्या वादांत ‘टाइम्स’ पत्र अकरा महिने बंद राहिलें, तरी ते हटले नाहींत. पण १९८६ सालीं मालकांनीं वॉपिंग येथील नव्या छापखान्यांत काम हलवून संपावर गेलेल्या सुमारें साडेपांच हजार कामगारांस काढून टाकलें, आणि वर्षभराच्या झगड्यानंतर संघटनांस माघार घ्यावी लागली.

आमच्याकडे जुळाऱ्यास संघटनेनें नव्हे, लिपीनें तारलें होतें. न्यूयॉर्कमध्यें लायनोटाइप यंत्र १८८६ सालीं चालू झालें. देवनागरीच्या गुंतागुंतीपुढें तें बराच काळ अडून राहिलें. खिळ्यांची संख्या घटावी म्हणून सावरकरांनीं ‘अ’ची बाराखडी पुरस्कारिली, किर्लोस्कर मासिकानें ती चालविली. पुढें यंत्रें आलीं तीं मोठ्या दैनिकांत. लहान छापखान्यांत खिळेच राहिले. आणि संगणक आला तो लिपीला एका अक्षराचीही काटछाट करावयास न सांगतां! लिपि वांचली, जुळारी गेला.

१९९२-९३ च्या सुमारास त्याच छापखान्यांत, तीन महिन्यांचा वर्ग केलेला एक तरुण मास्तरांच्या दीडपट पगारावर येऊन बसला. त्याला शुद्धलेखन येत नव्हतें. पण संगणक येणारे तेव्हां थोडे होते. दहा वर्षांत ते पुष्कळ झाले, आणि त्याचाही दर उतरला. आतां तर लेखक आपला मजकूर स्वतःच फोनपुढें बोलून उमटवितो.

पुस्तकें सुबक झालीं, लवकर निघूं लागलीं. त्याचा लाभ प्रकाशकांस झाला, आम्हां वाचकांसही झाला. त्या लाभांतून जुळाऱ्याच्या नव्या शिक्षणाचा खर्च कोणीं उचलला असता तर ती भिक्षा नव्हे, देण्याची फेड झाली असती, असें आमचें मत आहे. मालकांनीं खिळे शिशाच्या भावानें वजनावर विकले. मास्तरांसाठीं आम्हीं एका ग्रंथालयांत शब्द टाकून पाहिला. जागा होती, पण तिच्यासाठीं शालान्त परीक्षेचें प्रमाणपत्र हवें होतें, आणि मास्तर सातवी उत्तीर्ण. पुढें कांहीं वर्षें ते एका प्रकाशकाकडे पानाच्या दरानें मुद्रितें तपासीत; त्यांत बरीचशीं पानें त्या तरुणानेंच टंकिलेलीं असत.